फादरमुळे चर्चमध्ये पाय ठेववत नाही, पण प्रभूला सोडवत नाही. काय करू?

केळीची_बाग

नमस्कार सगळ्यांना. आम्ही कॅथलिक, घरात पिढ्यानपिढ्या मराठी, मुंबईच्या उत्तरेला किनाऱ्याकडे राहतो. गावाचं आणि चर्चचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कृपया कोणी अंदाजही बांधू नका. लांबलचक झालंय, सांभाळून घ्या.

आमच्या पॅरिशला (म्हणजे एका चर्चखाली येणाऱ्या वस्तीला) जे फादर होते ते सगळ्यांचे लाडके. युथ ग्रुप त्यांनी उभा केला, पोरांना फुटबॉल दिला, कोणी आजारी असलं की रात्री उशिरा पण कम्युनियन, म्हणजे प्रभूभोजनाची पवित्र भाकर, घेऊन घरी यायचे. माझ्या मुलीचं पहिलं कम्युनियन त्यांच्याच हातून झालं, सासूबाई गेल्या तेव्हा मरणाआधी लावतात ते शेवटचं पवित्र तेल त्यांनीच लावलं. मग मागच्या वर्षी एका कुटुंबाने तक्रार केली की फादर त्यांच्या मुलाशी नको तसं वागले. मुलगा अल्तार बॉय, म्हणजे वेदीवर फादरना मदत करणारा, तेव्हा चौदाचा. तक्रार नक्की कुणाकडे गेली, काय चौकशी झाली, आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. नंतरच्या एका रविवारी फादर नव्हते. अल्तारवरून एवढंच, की फादर नव्या जबाबदारीवर गेलेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करूया. त्याच संध्याकाळी पॅरिशच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फक्त ॲडमिननेच लिहायचं अशी सेटिंग झाली, ती अजून तशीच आहे. कोळंबी साफ करता करता बायका बोलतात की त्या कुटुंबाने पैशासाठी केलं. त्या मुलाची आई आता रिक्षा करून दुसऱ्या पॅरिशला मिस्साला (चर्चच्या उपासनेला) जाते, आमच्या चर्चवरूनच तिची रिक्षा जाते.

आता आमच्या घरचं. पप्पा रोज सकाळच्या मिस्साला जातात, ते म्हणतात मी फादरसाठी कधी गेलोच नाही, प्रभूसाठी जातो, फादर येतात आणि जातात. नवरा रागाने धुमसतोय. मुलगी पंधराची, तिचं यंदा दृढीकरण आहे (बिशपसमोर उभं राहून स्वतः श्रद्धेला हो म्हणायचा संस्कार) आणि ती म्हणते मला नाही करायचं, तुम्ही मोठी माणसं सगळी गप्प बसलात. हॉलमध्ये तिच्या पहिल्या कम्युनियनचा फोटो होता, पांढरा फ्रॉक, हातात मेणबत्ती आणि शेजारी फादर, तो तिने उतरवून कपाटावर उलटा ठेवलाय. पप्पांनी दोनदा विचारलं फोटो कुठे गेला, मी काही बोलले नाही.

आणि मला स्वतःला एक प्रश्न झोपू देत नाही, हसू नका. त्या माणसाच्या हातून जे संस्कार, म्हणजे कम्युनियन, तेल असे पवित्र विधी, झाले त्यांचं काय? माझी मुलगी त्यांच्याकडे कन्फेशनला, पापं कबूल करायला, बसायची, मी पण बसायचे. सासूबाईंना शेवटी जो धीर मिळाला तो खरा होता की नाही? आणि हे सगळं माहीत असून पण चर्चमध्ये जाऊन बसणं म्हणजे मी पण त्या गप्प बसण्यात सामील असं होतं का? माझी प्रभूवरची श्रद्धा गेलेली नाही. पण चर्चची पायरी चढताना पोटात गोळा येतो.

---

धर्मशिक्षक_काका

बाय, हसण्यासारखं ह्यात काहीच नाही. तू जो प्रश्न विचारलास तो ख्रिस्तसभेत सोळाशे सतराशे वर्षांपूर्वी इतका पेटला होता की उत्तर आफ्रिकेत त्यावरून चर्च दुभंगलं.

थोडक्यात सांगतो. इ. स. ३०३ पासून रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला, त्यात काही बिशपांनी आणि धर्मगुरूंनी जीव वाचवण्यासाठी पवित्र ग्रंथ जाळायला सरकारच्या हवाली केले असा आरोप होता. छळ संपल्यावर लोक म्हणायला लागले की असल्या माणसांनी दिलेला बाप्तिस्मा आणि दीक्षा आम्हाला मान्य नाही, आमचं चर्च शुद्ध माणसांचंच असेल. त्यांना डोनाटस नावाच्या नेत्यावरून डोनाटिस्ट म्हणतात. ह्या वादाला संत ऑगस्टीनने कित्येक वर्षं उत्तरं दिली. योहानाच्या शुभवर्तमानावरच्या प्रवचनात तो जे म्हणतो त्याचा आशय असा की पेत्राने बाप्तिस्मा दिला तरी बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच, आणि यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच. पुढे १५४७ साली बिशपांच्या ट्रेंटच्या परिषदेने हेच स्पष्ट ठरवलं की संस्कार देणारा धर्मगुरू स्वतः महापापात असला तरी संस्कार खरा असतो.

म्हणून तुझ्या सासूबाईंना जे मिळालं ते प्रभूने दिलं. त्यात खोट नाही. तुझ्या मुलीच्या कम्युनियनमध्येही नाही आणि तुमच्या कन्फेशनमध्येही नाही. हा नियम फादर लोकांना वाचवायला केलेला नाही, तुझ्यासारख्या लोकांसाठी केलाय, नाहीतर आपल्यातल्या प्रत्येकाला रोज फादरच्या मनात काय चाललंय ते तपासूनच तोंड उघडावं लागलं असतं. एक अपवाद सांगून ठेवतो. शारीरिक पापात जो धर्मगुरू स्वतः सहभागी आहे त्याने त्या पापाबद्दल त्याच व्यक्तीला दिलेली माफी चर्च कायद्याप्रमाणे अवैध आहे, फक्त मरणाची वेळ सोडून. म्हणजे चर्चने ही शक्यता कधी धरलीच नव्हती असं नाही, कायद्यात ती लिहून ठेवलीय.

पप्पा म्हणतात ते बरोबर आहे. पण मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की शास्त्री आणि परुशी, म्हणजे तेव्हाचे धर्मपुढारी, सांगतात ते करा, ते वागतात तसं वागू नका, आणि लगेच पुढे तोच प्रभू त्यांना चारचौघांत खडे बोल सुनावतो. आपण पहिलं वाक्य पाठ करून ठेवलंय आणि पुढचा अख्खा अध्याय वाचायचा टाळतो.

---

आडवा_प्रश्न

काका, तुमचं धर्मशास्त्र मान्य. पण ताईंची पोस्ट वाचून मला पहिली काळजी त्या पोराची वाटली, आणि अख्ख्या पोस्टमध्ये पोलीस हा शब्द कुठेच आला नाही म्हणून लिहितोय.

ताई, मी वकील आहे आणि चर्च सोडून बरीच वर्षं झाली, तरी तुम्ही सोडा असं मी सांगणार नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर असा गुन्हा झालाय किंवा होऊ शकतो हे ज्याला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. कोणी पण असो, शेजारी, शिक्षक, फादर, बिशप. न कळवण्याला कलम २१ मध्ये शिक्षा आहे, आणि संस्थेचा प्रमुख असेल तर जास्त. बदली केली, आतल्या आत चौकशी केली, ह्याने ती जबाबदारी संपत नाही. मुलाचं नाव, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काही कुठेही छापायचं नाही हे पण त्याच कायद्यात आहे, त्यामुळे तुम्ही गावाचं नाव लिहिलं नाही ते उत्तम केलंत. तातडीने मदत हवी असेल तर चाइल्डलाइन १०९८.

आणि पोलीस तपास फादरच्या पण हिताचा आहे, कारण आरोप खोटा असेल तर तो खोटा ठरायची जागा तीच. आत्ता काय झालंय, मुलाला न्याय नाही आणि फादरच्या नावावरचा डाग पण तसाच. दोघांनाही लटकत ठेवलंय.

बदली करून मिटवणं ही काही एका पॅरिशची गोष्ट नाही हो. २००२ साली बॉस्टनमध्ये वर्तमानपत्राने बाहेर काढलं ते हेच होतं, तक्रार आली की फादरला दुसऱ्या पॅरिशला पाठवायचं आणि तिथल्या लोकांना काही सांगायचं नाही. त्या डिसेंबरमध्ये तिथल्या कार्डिनलना पद सोडावं लागलं. २०१८ मध्ये पेनसिल्वेनियाच्या ग्रँड ज्युरीने सहा धर्मप्रांतांतले (एकेका बिशपच्या हाताखालच्या भागांतले) तीनशेवर धर्मगुरू आणि हजारावर मुलं मोजली. फ्रान्समध्ये चर्चनेच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०२१ मध्ये अंदाज दिला की १९५० पासून धर्मगुरू आणि व्रतस्थांकडून अत्याचार झालेल्यांची संख्या २ लाख १६ हजारांच्या आसपास आहे. ही सगळी मुलं कुणाच्या ना कुणाच्या पॅरिशमधली होती, आणि तिथे पण कोणीतरी म्हणालंच असेल की पैशासाठी केलं.

---

रोज_मिस्सा

मला हा धागा बघून वाईट वाटतंय. नव्व्याण्णव फादर रात्रंदिवस राबतात त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी केवढा लढा दिला, धमक्या सोसल्या, २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये गेले तेव्हा सगळ्या धर्मांची माणसं रडली. असे पण फादर आहेत. आजकाल आधीच ख्रिस्ती समाजावर डोळा ठेवून बसलेले लोक आहेत, त्यांच्या हातात आपणच कोलीत द्यायचं का. घरातली गोष्ट घरात मिटवावी. बिशपना भेटा, प्रार्थना करा, जाहीर लिहून काय मिळणार.

---

आडवा_प्रश्न

बाहेरच्यांची भीती मला समजते, खरी आहे ती, मी पण त्याच समाजातला. पण घरातली गोष्ट घरात म्हणताना त्या मुलाचं घर त्यात धरलंय का तुम्ही? आणि बिशपना भेटाच, कोण नको म्हणतंय, पण तो पोलिसांना पर्याय होत नाही. दिब्रिटोंचं नाव घेतलंत म्हणून एवढंच म्हणतो की ते आयुष्यभर जाहीरच बोलले. जमिनी लाटणाऱ्यांविरुद्ध बोलायची हिंमत ज्या समाजाने दाखवली त्याला एका मुलासाठी बोलायला जड जाऊ नये.

---

नगरकर_ख्रिस्ती

मी प्रॉटेस्टंट, नगरचा, त्यामुळे बाहेरचा म्हणून दोन शब्द लिहितो, राग मानू नये. आमच्याकडे पोप नाही, कन्फेशनची खोली नाही, पण म्हणून आम्ही सुटलो असं अजिबात नाही. आमच्यात चर्चच्या जमिनी आणि ट्रस्ट यांच्यावरून पिढ्यानपिढ्या भांडणं आहेत, एका बाकावर बसून गायन करणारी माणसं सोमवारी कोर्टात समोरासमोर. चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीत जे चालतं ते सांगायला लाज वाटते. माझ्या ओळखीची किती तरी तरुण मुलं त्यामुळे गेली, काही दुसऱ्या फेलोशिपमध्ये, काही कुठेच नाही.

मला ह्या काळात सगळ्यात जास्त आधार दिला तो आपल्याच मातीतल्या दोन माणसांनी. एक पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला आणि नंतर तिथल्याच सिस्टर लोकांशी तिचे कडक वाद झाले, कारण त्यांना वाटायचं की हिने चर्च सांगेल ते मुकाट मान्य करावं. १८८५ च्या एका पत्रात तिने लिहिलंय, आशय सांगतो, की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे हे खरं, पण धर्मगुरू आणि बिशप यांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द स्वीकारायला मी बांधलेली नाही, हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, ते परत दुसरं चढवायला नाही. विचार करा, परदेशात, परक्या लोकांच्या आश्रयाला, लहान मुलगी पदरात, आणि ही बाई असं लिहिते. आणि ती प्रभूला सोडून गेली का? केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या मुली गोळा केल्या, शेवटी अख्खं बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं.

दुसरे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, आमच्या चर्चमध्ये आजही त्यांची भजनं म्हणतो. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे ख्रिस्ताचे अनुयायी एकत्र यावेत म्हणून. त्यांना मिशनचं साहेबी वळण खुपत होतं. संस्थेवरचा राग आणि ख्रिस्तावरचं प्रेम एकाच छातीत मावतं हे ह्या दोघांकडे बघून मला पटलं. तुमच्या मुलीला रमाबाईंबद्दल सांगा, तिला त्या आवडतील असं वाटतंय.

---

नाव_नको

मी सहसा लिहीत नाही. वयाने पन्नाशीपुढची आहे. माझ्याबाबतीत लहानपणी झालंय. कुठे, कोण, कुठला पंथ, काही सांगणार नाही.

मला इथे फक्त एक सांगायचंय कारण सगळे चर्चबद्दल बोलताय. जे झालं ते एका माणसाने केलं. त्यानंतर जे झालं ते सगळ्यांनी केलं. आईने तोंड उघडलं होतं. पुढच्या रविवारी मिस्सात आजूबाजूच्यांना शांतीचिन्ह द्यायची वेळ आली तेव्हा आमच्या पुढच्या बाकावरची एकही बाई मागे वळली नाही. आई हात जोडून उभी होती, मग तिने हात खाली घेतले आणि माझ्याकडे वळली. मला तो माणूस आठवत नाही इतका तो क्षण आठवतो. नंतर घरी लोक आले ते क्षमा करा सांगायला. क्षमा कर, क्षमा कर, प्रभूने नाही का केली. मी शाळेत होते हो. माझी माफी मागायला कोणी आलं नाही, मी माफ करावं म्हणून मात्र सगळे आले.

विश्वास राहिला का म्हणाल तर राहिला, कसा ते मला नीट मांडता येणार नाही. स्तोत्र ५५ माझ्याजवळ असतं. त्यात दावीद म्हणतो की शत्रूने निंदा केली असती तर सोसलं असतं, पण तो तू होतास, माझा सोबती, आपण बरोबर देवाच्या मंदिरात जायचो. हे बायबलमध्ये आहे हे कळलं तेव्हा मला वाटलं की देवाला माहीत आहे. मिस्साला रेग्युलर जात नाही, गर्दी सहन होत नाही. दुपारी चर्च रिकामं असतं तेव्हा जाते.

केळीची बाग ताई, तुम्ही जावं की नाही ते मी सांगू शकत नाही. पण त्या रिक्षातल्या बाईकडे जा. फोटोचं काय करायचं ते तुमच्या मुलीला ठरवू द्या आणि पप्पांना खरं सांगा, म्हाताऱ्या माणसांना आपण समजतो त्यापेक्षा जास्त पेलतं.

---

वॉर्डातली_सिस्टर

नाव_नको ताई, तुमचं लिहिणं वाचून फोन बाजूला ठेवावा लागला. तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

(मी नर्स आहे, व्रतस्थ सिस्टर नाही, नावावरून गोंधळ नको.)

मला मेरी मॅकिलॉपबद्दल लिहायचंय, इथे फार कमी लोकांना माहीत असेल. ऑस्ट्रेलियातली सिस्टर, गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवणारा संघ तिने सुरू केला. तिच्या संघातल्या सिस्टर्सनी एका धर्मगुरूबद्दल मुलांशी गैरवर्तन केल्याची तक्रार वर पोचवली होती. पुढे त्या धर्मगुरूच्या जवळच्या माणसांनी सिस्टर्सविरुद्ध बिशपचे कान भरले आणि १८७१ मध्ये बिशपने मेरीलाच बहिष्कृत केलं. सिस्टर्सना राहती घरं सोडावी लागली. काही महिन्यांनी तो बिशप मरणशय्येवर असताना त्याने बहिष्कार मागे घेतला. २०१० मध्ये त्याच चर्चने तिला संत म्हणून जाहीर केलं. तेव्हा चर्चमधून बाहेर काढलेली ती होती, आणि आज वेदीवर तिचं नाव घेतलं जातं, तिला हाकलणाऱ्यांचं नाही.

रोज_मिस्सा, तुमच्या भावना मी समजते, माझे सख्खे काका फादर आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण चांगल्या फादरांची नावं ढाल म्हणून पुढे करू नयेत असं तेच म्हणतात. पोप फ्रान्सिसचंच बघा ना. २०१८ च्या जानेवारीत चिलीला गेले तेव्हा एका बिशपवरचे आरोप म्हणजे बदनामी असं म्हणाले, मग चौकशीला माणसं पाठवली, अहवाल वाचला, एप्रिलमध्ये जाहीर पत्र लिहून आपली गंभीर चूक झाली म्हणाले आणि पीडितांना बोलावून भेटले. मे महिन्यात तिथल्या बिशपांनी एकजात राजीनामे पुढे केले. ऑगस्टमध्ये जगभरच्या विश्वासूंना पत्र लिहिलं त्यात स्पष्ट आहे की आम्ही लहानांची काळजी घेतली नाही, आम्ही त्यांना सोडून दिलं. पोपला हे जाहीर लिहिता आलं तर ताईंच्या पॅरिशच्या ग्रुपवर दोन ओळी का लिहिता येत नाहीत?

आणि एक महत्त्वाचं, हे त्या कुटुंबापर्यंत पोचवा. २०१९ मध्ये पोपनी एक कायदा काढला, वोस एस्तिस लुक्स मुंदी असं त्याचं लॅटिन नाव आहे. त्याप्रमाणे धर्मगुरूंना आणि सिस्टर्सना असं काही कळलं तर वर कळवणं सक्तीचं आहे, प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार घ्यायची उघड सोय पाहिजे, आणि तक्रार करणाऱ्यावर गप्प राहायची अट घालता येत नाही. देशाच्या कायद्याप्रमाणे पोलिसांत जायचं ते वेगळं जायचंच, त्याच्या आड हा कायदा येत नाही. त्यांना कोणी सांगितलं असेल की बाहेर बोलू नका, तर तसं सांगायचा अधिकार कोणालाच नव्हता.

---

धर्मशिक्षक_काका

वकीलसाहेब आणि सिस्टर, तुम्ही दोघांनी जे लिहिलंत ते मी प्रिंट काढून आमच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत नेणार आहे.

नाव_नको, तुमच्यापुढे धर्मशास्त्र सांगायची माझी हिंमत नाही. दुपारच्या रिकाम्या चर्चमध्ये तुम्ही बसता ती मला माझ्या मिस्सापेक्षा मोठी प्रार्थना वाटते.

केळीच्या बागेला अजून एक सांगायचंय. गप्प बसण्यात सामील होतो का, असं तू विचारलं होतंस. बाय, चर्चमध्ये बसणं आणि गप्प बसणं ह्या दोन गोष्टी आपण एकात एक गुंतवून ठेवल्यात, लहानपणापासून फादर आले की उभं राहायचं आणि तोंड बंद, असंच शिकलो. चर्चच्या कायद्यात, २१२ व्या नियमात लिहिलंय की प्रापंचिकांना आपलं मत धर्मगुरूंना आणि इतर विश्वासूंना कळवायचा हक्क आहे आणि काही वेळा ते कर्तव्यच आहे. चौदाव्या शतकातली संत, सिएनाची कॅथरिन, शिकलेली सुद्धा नव्हती म्हणतात, रोम सोडून राहिलेल्या पोपला पत्रं धाडून सांगायची की रोमला परत या आणि मर्दासारखे वागा. यहेज्केलच्या चौतिसाव्या अध्यायात देव मेंढपाळांवर संतापतो तो मेंढरांनी ऐकावा म्हणूनच लिहिलाय ना. जा मिस्साला, मानाने जा, आणि बाहेर आल्यावर प्रश्न विचार. नाही जाववलं तर काही काळ नको जाऊस, त्या आईबरोबर दुसऱ्या पॅरिशला जा. मिस्सा तीच आहे.

---

केळीची_बाग

सगळ्यांचे खूप आभार, आणि नाव_नको ताई, तुमचे सगळ्यात जास्त. दोन आठवडे काही लिहिलं नाही कारण आधी करायचं होतं.

आम्ही दोघं त्या मुलाच्या घरी गेलो. आईने दार अर्धंच उघडलं, तिला वाटलं आम्हाला कोणीतरी पाठवलंय, तक्रार मागे घ्या सांगायला. मग बसवलं. त्यांना खरंच सांगण्यात आलं होतं की बाहेर बोललात तर चर्चची बदनामी होईल आणि मुलाचंच नाव खराब होईल. पोलिसांत जायला ते घाबरले होते. वॉर्डातली_सिस्टर यांनी लिहिलेलं मी मोबाइलवरून वाचून दाखवलं, त्याच्या वडिलांनी परत एकदा वाचायला लावलं. पुढे काय चाललंय ते इथे लिहीत नाही, आडवा_प्रश्न दादांनी पर्सनल मेसेजमध्ये एका वकीलबाईंचं नाव दिलं, एवढंच सांगते की ती माणसं आता एकटी नाहीत. मुलगा आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही, आम्ही पण बोलावलं नाही.

पप्पांना सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले त्या पोराला मी पाण्यात पोहायला शिकवलंय. रविवारी मिस्सा संपल्यावर नव्या फादरांकडे गेले, सगळ्यांसमोर, आणि विचारलं की त्या कुटुंबाला भेटायला तुम्ही कधी जाताय. फादर तरुण आहेत, गांगरले, पण जातो म्हणाले. काही लोक पप्पांशी बोलेनासे झालेत. ते रोज जातातच मिस्साला.

मी रविवारी त्या आईबरोबर रिक्षाने गेले. पोटातला गोळा होताच, पण कम्युनियन घेतलं.

आता राहिलं मुलीचं. ती दृढीकरणाला नाहीच म्हणतेय. म्हणते मला येशू मान्य आहे पण बिशपसमोर उभं राहून हो म्हणायचं नाही, निदान आत्ता नाही. सासरकडची माणसं म्हणतात जबरदस्ती कर, एकदा मागे राहिली की राहिलीच. रमाबाईंचं सांगितलं तर म्हणाली त्यांनी तर पंचवीसच्या असताना स्वतः ठरवून घेतला ना बाप्तिस्मा, मग मला का घाई. काय उत्तर द्यायचं?

---

धर्मशिक्षक_काका

जबरदस्ती करू नकोस. दृढीकरण पुढच्या वर्षी पण होतं, तिच्या पंचविशीत पण होतं. मी इतकी वर्षं वर्ग घेतोय, बहुतेक पोरं नवीन कपडे आणि पार्टीसाठी येतात आणि मी त्यांना उभं करतो. ही मुलगी हो म्हणण्याआधी त्या होचा अर्थ विचारतेय, माझ्या वर्गातल्या कितीजणांनी तो विचारला असेल.

तिला एवढंच सांग की नाही म्हणायचं असेल तर गप्प राहून नाही, लिहून सांग. बिशपांना पत्र लिहू दे, तिच्या भाषेत, का उभी राहत नाही ते. मुलाची ओळख पटेल असं काही त्यात नको, ते वकीलबाईंना दाखवून घे. उत्तर येईल न येईल. आणि तिची हरकत नसेल तर तिचे प्रश्न, नाव न घेता, मी माझ्या यंदाच्या दृढीकरणाच्या वर्गात वाचून दाखवू का? बत्तीस पोरं आहेत. त्यांच्याशी ह्या विषयावर आजवर कोणीच बोललेलं नाही.

---

केळीची_बाग

विचारलं तिला. हो म्हणाली, पण पोरं काय म्हणाली ते सगळं लिहून पाठवा म्हणतेय, चांगलंच फक्त नको. पत्र लिहायला बसलीय, पहिलं पान फाडून झालं.